हे वाक्य कुणाचं? एम.डेस.च्या रिसर्चबद्दल थोडं सविस्तर

एम.डेस.च्या (मास्टर ऑफ डिझाइन, म्हणजे डिझाइनमधल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रोजेक्टमध्ये रिसर्चचा टप्पा संपला की एक स्लाइड हमखास येते : 'युजरला सोपा इंटरफेस हवा आहे.' हे वाक्य हॉस्टेलच्या खोलीतून बाहेर न पडताही लिहिता आलं असतं. ज्युरीतल्या, म्हणजे प्रोजेक्ट तपासणाऱ्या परीक्षकांतल्या, कुणी 'हे कोण म्हणालं, कधी म्हणालं?' असं विचारलं की विद्यार्थी गप्प होतो. तीन आठवडे उन्हातान्हात फिरल्यावर, तासन् तास रेकॉर्डिंग जमवल्यावर ही वेळ यावी, याचं फार वाईट वाटतं. मेहनत झालेली असते. ऐकलेलं वाक्य आणि स्लाइडवरचं वाक्य यांच्यामधला धागा मात्र मध्येच कुठेतरी तुटलेला असतो. तो कुठे कुठे तुटतो आणि तिथे काय करायचं, यावर ही पोस्ट आहे.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. समजा, विषय आहे एसटीच्या कंडक्टरचं तिकीट काढण्याचं काम.

प्रश्न

'एसटी कंडक्टरच्या समस्या' हा रिसर्चचा प्रश्न नाही, निबंधाचा विषय आहे. 'कंडक्टरसाठी नवं तिकीट मशीन कसं असावं?' हाही चालणार नाही, कारण उत्तर मशीनच असणार हे आपण निघण्याआधीच ठरवून टाकलं. त्यापेक्षा असं विचारा : 'भरलेल्या गाडीत एका प्रवाशाचं तिकीट काढून पुढच्याकडे जाईपर्यंत कंडक्टर काय काय करतो, आणि त्यातलं कोणतं काम मशीनच्या बाहेर होतं?' प्रश्न कागदावर लिहिला की तीन गोष्टी तपासायच्या. उत्तर ऐकून आपल्याला आश्चर्य वाटण्याची शक्यता आहे का? हातात असलेल्या तीन-चार आठवड्यांत ते डोळ्यांनी पाहता येईल का? प्रश्नात उपाय लपलेला तर नाही ना? तिसऱ्यावर बहुतेक जण अडकतात.

भारतातल्या डिझाइनच्या शिक्षणाची सुरुवातच अशा प्रश्नांनी झाली आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर दांपत्याने १९५८मध्ये भारत सरकारला अहवाल दिला, त्यानंतर १९६१मध्ये अहमदाबादला एनआयडी (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) उभी राहिली. त्या अहवालात साध्या लोट्याबद्दल प्रश्नांची रांगच्या रांग आहे : किती पाणी मावायला हवं, ते कुणाच्या हातांनी उचललं जाणार, डोक्यावरून नेणार की कमरेवरून, भरलेला असताना तोल कुठे आणि रिकामा असताना कुठे, दुसऱ्या भांड्यावर आपटल्यावर आवाज कसा येतो. ती यादी समोर ठेवून आपल्या विषयावर तसेच पंचवीस प्रश्न लिहून काढायला एक दुपार पुरते. त्यातले वीस बाद होतात. उरलेल्या पाचांतून प्रोजेक्ट निघतो.

ख्रिस्तोफर फ्रेलिंग या ब्रिटिश अभ्यासकाने १९९३मध्ये केलेली विभागणीही इथेच उपयोगी पडते : डिझाइनविषयीचा रिसर्च, डिझाइनमधून होणारा रिसर्च आणि डिझाइनसाठीचा रिसर्च. एम.डेस.चा प्रोजेक्ट बहुतेक वेळा तिसऱ्या प्रकारात बसतो, म्हणजे काही घडवायचं आहे म्हणून माहिती हवी. प्रोटोटाइप (कामचलाऊ नमुना) करता करता त्यातूनच नवं ज्ञान मिळतंय असा दावा करायचा असेल, तर प्रत्येक आवृत्ती का बदलली याची तारखेनिशी नोंद लागते. ती मागाहून आठवून लिहिता येत नाही, म्हणून आपण कुठे आहोत हे पहिल्याच आठवड्यात गाईडशी बोलून ठरवावं.

वाचनाचं थोडक्यात. पंचवीसेक पेपरांचे सारांश पाहा, त्यातले सहा-आठ नीट वाचा, झोटेरोमध्ये (संदर्भ साठवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) पहिल्या दिवसापासून टाका. प्रत्येकासाठी तीनच रकाने : काय विचारलं, कुणाला आणि कसं विचारलं, काय राहून गेलं. पेपरात काय सापडलं याचे परिच्छेदच्या परिच्छेद उतरवून घेण्यात आठवडे जातात आणि तिसरा रकाना कोराच राहतो. आपला प्रश्न निघतो तो तिसऱ्या रकान्यातून.

परवानगी आणि संमती

या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवानगी डेपोकडून, लेखी, कॉलेजच्या पत्रावर. तिला वेळ लागतो, म्हणून प्रश्न पक्का व्हायच्या आधीच अर्ज द्यावा. कॉलेजात एथिक्स कमिटी असेल तर तिचाही वेळ धरावा. संमती ज्या-त्या कंडक्टरची. वरिष्ठांनी 'जा, बोल त्यांच्याशी' म्हटलं म्हणून समोरचा माणूस राजी झाला असं होत नाही. उलट अशा वेळी तो जपून बोलतो, कारण आपण त्याला वरून पाठवलेली माणसं वाटतो.

संमतीपत्र बोलीत लिहा. 'मी स्वेच्छेने सदर अभ्यासात सहभागी होण्यास संमती देत आहे' ही कोर्टाची भाषा आहे, ती वाचून माणूस सही करायला बिचकतो. 'मी डिझाइन शिकतो/शिकते. तुमचं काम समजून घ्यायचंय. साधारण चाळीस मिनिटं लागतील. आवाज रेकॉर्ड केला तर चालेल का? तुमचं नाव कुठेही येणार नाही. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबू, कारण सांगायची गरज नाही. अमुक तारखेला रेकॉर्डिंग पुसून टाकणार.' हे वाचून दाखवायचं, आणि 'चालेल' हे उत्तरही रेकॉर्ड करायचं. ड्युटी चालू असताना मुलाखत घेऊ नये. त्याच्या हातात पैसे असतात आणि हिशेब चुकला तर भुर्दंड त्यालाच बसतो. प्रवाशांनी तर आपल्याला काहीच संमती दिलेली नसते, म्हणून फोटोत चेहरे नकोत. हात, मशीन आणि तिकीट एवढंच.

डाव्या पानावर काय, उजव्या पानावर काय

निरीक्षणाची वही उघडून ठेवायची. डावीकडे दिसलेलं-ऐकलेलं, उजवीकडे आपल्या मनात आलेलं. मध्ये रेघ. नमुन्यादाखल डावं पान असं असू शकतं :

९:१२. गाडी सुटली. उभे प्रवासी १४. ९:१४. आजोबा पिशवीतून आधार कार्ड काढायला लागले. कंडक्टर त्यांच्यापाशी थांबला नाही, पुढच्या तिघांची तिकिटं काढली, मग वळून कार्ड पाहिलं. ९:१७. पाचशेची नोट, तिकीट साठचं. तिकिटाच्या मागे पेनाने '४४०' लिहून दिलं. ९:३१. तोच प्रवासी उठायच्या आधी कंडक्टर त्याच्याकडे पैसे घेऊन गेला.

आणि उजवं पान : 'कार्डाला वेळ लागणार हे आधीच ओळखलं?' 'हे ४४० त्याच्याकडे कुठे नोंदलेत? की डोक्यात?'

'कंडक्टर वैतागला' हे वाक्य डावीकडे येऊच शकत नाही. वैताग दिसत नसतो. 'नोट दोनदा उलटून पाहिली, मान हलवली, काही न बोलता पुढे गेला' हे दिसतं. हा फरक पहिल्या दिवशी किरकोळ वाटतो, पण पुढचं सगळं त्याच्यावर उभं राहतं. डाव्या पानावर मतं शिरली की दोन आठवड्यांनी आपण आपलंच मत वाचून त्याला 'डेटा' म्हणू लागतो.

महाराष्ट्रात एसटीने प्रवास केलेल्या प्रत्येकाने तिकिटामागचा तो आकडा पाहिलेला आहे. म्हणूनच तो सुटतो. ओळखीच्या जागी निरीक्षण करताना आपला डोळा 'हे तर माहितीच आहे' म्हणून पुढे सरकतो. त्यावर उपाय एकच : प्रत्येक फेरीत एकाच वस्तूचा पाठलाग. एका फेरीत फक्त पेन. दुसऱ्या फेरीत फक्त सुट्टे पैसे. तिसऱ्या फेरीत फक्त कंडक्टरचा मशीन न धरलेला हात.

फेऱ्या निवडताना सकाळची शाळा-कॉलेजची, दुपारची रिकामी, बाजारच्या दिवसाची आणि रात्रीची शेवटची, सगळ्या घ्याव्यात. सहा ते आठ पुरतात. मार्च २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्याआधी ऑगस्ट २०२२पासून ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास आहे. त्यामुळे गाडीत कोण बसलंय यावर कामाचा आकार बदलतो, आणि एकाच वेळच्या फेऱ्या पाहिल्या तर तो बदल दिसणारच नाही. पहिल्या एक-दोन फेऱ्यांत माणूस आपल्यासमोर नियमाबरहुकूम वागतो. त्या नोंदी ठेवा, पण त्यांच्यावर निष्कर्ष काढू नका. आणि वहीतली तुटक वाक्यं त्याच रात्री पूर्ण करा. दुसऱ्या दिवशी 'हात - पिशवी - नंतर' म्हणजे काय ते आपल्यालाच कळत नाही.

विचारायचं कसं

कॅरन होल्ट्झब्लाट आणि ह्यू बेयर यांची कॉन्टेक्स्च्युअल इन्क्वायरी, म्हणजे कामाच्या जागीच जाऊन काम समजून घेण्याची पद्धत, अभ्यासक्रमात सगळीकडे शिकवतात. तिचा गाभा गुरू-शिष्याचं नातं : काम करणारा उस्ताद, आपण उमेदवारी करणारे. आपल्याकडे हे नातं उलटं होण्याचीच भीती जास्त. मोठ्या संस्थेतून लॅपटॉप घेऊन आलेल्या मुलाला पन्नाशीचा माणूस 'सर' म्हणतो, आणि 'सर' म्हटलं की उत्तरं गुळगुळीत होतात. समोर खुर्ची टाकून बसू नये, शेजारी बसावं. 'दादा, मला हे काम शिकायचं असतं तर पहिल्या दिवशी काय शिकवलं असतंत?' इथून सुरुवात केली की 'सर' आपोआप गळून पडतं.

'तुम्हाला काय अडचण येते?' या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे : 'काही नाही, सगळं व्यवस्थित आहे.' घरातल्या अडचणी पाहुण्याला कोण सांगतं? त्याऐवजी घडलेल्या एका वेळेबद्दल विचारा. 'काल शेवटच्या फेरीत सुट्टे संपले होते का? मग काय केलंत?' तसंच 'नेहमी काय करता?' असं विचारलं तर माणूस नियम सांगतो आणि 'काल काय केलंत?' विचारलं तर काम सांगतो.

मराठीत 'का' हा शब्द जपून वापरायचा. 'असं का केलंत?' हा जाब विचारल्यासारखा ऐकू येतो आणि समोरचा स्वतःचा बचाव करू लागतो. 'तेव्हा काय झालं होतं?' किंवा 'ते कशावरून ठरवता?' यातून तेच मिळतं, न दुखावता. 'हे मशीन जड वाटतं ना?' यातला 'ना' उत्तर आपल्याच हाताने भरून टाकतो. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकताना असे 'ना' मोजा. एका मुलाखतीत दहाच्या वर आले तर ती मुलाखत पुराव्यात धरू नये, सरावात धरावी. पहिल्या दोन मुलाखती अशाच जाणार, त्यांना पायलट म्हणून आधीच बाजूला काढून ठेवा.

आणि उत्तर संपल्यावर मनातल्या मनात पाच अंक मोजायचे. 'मशीन चांगलं आहे…' यानंतरच्या चौथ्या-पाचव्या सेकंदाला 'म्हणजे, फक्त एक आहे…' येतं.

मराठीत ऐकलेलं इंग्रजीत हरवतं

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मुलाखत मराठीत, रिपोर्ट इंग्रजीत. वेळ वाचावा म्हणून विद्यार्थी ऐकता ऐकता थेट इंग्रजीत टाइप करतो. एक तासाचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायला चार ते सहा तास जातात, गाडीच्या आवाजात त्याहून जास्त, त्यामुळे हा मोह समजण्यासारखा आहे. पण काय हरवतं ते पाहा.

'मशीन वापरतो' आणि 'मशीन वापरावं लागतं', दोन्ही इंग्रजीत 'मी मशीन वापरतो' होऊन बसतात. दुसऱ्या वाक्यातली सक्ती गेली. 'कटकट', 'डोक्याला ताप' आणि 'अडचण' या तिन्हींचं 'प्रॉब्लेम' होतं. पण कटकट लहान असते आणि पुन्हा पुन्हा येते, ताप दिवसभर सोबत राहतो, अडचण वाट अडवते. डिझाइनरला या तिघांवर तीन वेगळे उपाय करावे लागतात. 'चालतंय की' म्हणजे छान चाललंय असं नाही, आम्ही निभावून नेतोय असं आहे. 'मी चिल्लर आधीच काढून ठेवतो' ही एकाची सवय झाली, 'आम्ही काढून ठेवतो' ही डेपोतली रीत झाली, आणि 'आपण काय करायचं, चिल्लर आधीच काढून ठेवायची' यात तो तुम्हाला शिकवतोय. सर्वनामावरून पुरावा किती मोठा ते कळतं, आणि भाषांतरात सगळ्यात आधी तेच गळतं.

म्हणून ट्रान्सक्रिप्ट देवनागरीत, बोलले तसं. अडखळणं, हसणं, थांबणंही लिहायचं. ऑटोमॅटिक ट्रान्सक्रिप्शनचा मसुदा घ्यायला हरकत नाही, पण मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळलेल्या बोलण्यात आणि बोलीभाषेत ते शब्द बदलून टाकतं, तेव्हा पूर्ण रेकॉर्डिंग कानांनी ऐकून ताडून पाहणं आलंच. कोडिंगही, म्हणजे कोणत्या वाक्यात कोणता मुद्दा आहे याच्या खुणा करणं, मराठी मजकुरावर करा. इंग्रजी शेवटी, फक्त रिपोर्टमध्ये घेतल्या जाणाऱ्या वाक्यांचं, आणि मूळ मराठी वाक्य त्याच्या वर छापा. ज्युरीला मराठी येत नसलं तरी छापा.

प्रश्नावलीतही हेच. रेन्सिस लिकर्टने १९३२मध्ये मांडलेली पाच पायऱ्यांची पट्टी आपण 'पूर्णतः सहमत' ते 'पूर्णतः असहमत' अशी मराठीत आणतो. बोलताना कुणी सहमत होत नाही, माणसाला 'पटतं' किंवा 'पटत नाही'. वाक्यात नकार असेल तर मग गोंधळच : 'मला हे किचकट वाटत नाही' यावर 'पटत नाही' म्हणजे नक्की काय?

एसयूएस (सिस्टिम युजेबिलिटी स्केल) ही एखादी गोष्ट वापरायला किती सोपी वाटते हे मोजणारी दहा वाक्यांची पट्टी जॉन ब्रुक यांची, १९८६ची. विषम क्रमांकाच्या उत्तरातून १ वजा करायचा, सम क्रमांकाचं उत्तर ५मधून वजा करायचं, दहांची बेरीज गुणिले २.५. येणारा आकडा शंभरपैकी असला तरी टक्के नव्हे. सरासरी साधारण ६८ धरतात, म्हणजे ६५ मिळाले तर 'फर्स्ट क्लास' समजू नये. आणि त्यातलं पहिलंच वाक्य 'मला हे वारंवार वापरायला आवडेल' अशा अर्थाचं आहे. ज्याला मशीन ड्युटी म्हणून वापरावंच लागतं त्याने यावर काय उत्तर द्यायचं? पट्टी प्रसिद्ध आहे म्हणून ती आपल्या माणसाला लागू पडते असं नाही.

चिठ्ठ्या

ऐकलेल्या गोष्टींचे गट पाडायला भिंतीवर चिठ्ठ्या लावण्याची पद्धत जिरो कावाकिता या जपानी मानववंशशास्त्रज्ञाची. तिला केजे म्हणतात ते त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून, जपानी पद्धतीने आडनाव आधी घेऊन. एका चिठ्ठीवर मुलाखतीतली एकच गोष्ट, पूर्ण वाक्यात, कोपऱ्यात पत्ता : 'क३ - १४:२०', म्हणजे तिसरा कंडक्टर, रेकॉर्डिंगमध्ये १४ मिनिटं २० सेकंदांवर. हा पत्ता म्हणजेच आपला धागा. आठ मुलाखतींतून तीन-चारशे चिठ्ठ्या होतात. दोघांनी मिळून दोन पूर्ण दिवस धरा.

इथली नेहमीची चूक म्हणजे आधी 'मशीन', 'प्रवासी', 'पैसे' अशी लेबलं लावून त्याखाली चिठ्ठ्या भरत जाणं. हे कपाटाचे कप्पे झाले, त्यातून नवं काही सांगितलं जात नाही. चिठ्ठ्या पिसून, एकेक वाचून, एकच गोष्ट सांगणाऱ्या चार-सहा जवळ आणायच्या आणि मग गटाला त्या माणसाच्या तोंडचं वाटेल असं वाक्य द्यायचं. 'सुट्टे पैसे' हे शीर्षक नव्हे. 'ज्याचे पैसे द्यायचे राहिलेत, त्याचा स्टॉप मी डोक्यात धरून असतो' हे शीर्षक. या वाक्यावर डिझाइन करता येतं. कशातच न बसणारी चिठ्ठी ओढूनताणून कोंबू नका, एकटीच राहू द्या. 'मी कधीच मागे लिहून देत नाही' असं सांगणारा एखादा कंडक्टर भेटला, तर त्याच्याकडे पुन्हा जायचं. बाकी सात जण जे सांगत नाहीत ते तो सांगेल.

किती माणसं पुरतात? गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांच्या २००६च्या अभ्यासात साठ मुलाखतींपैकी पहिल्या बारांतच बहुतेक मुद्दे येऊन गेले होते, पण ती बरीचशी सारख्या गटातली माणसं होती. शहरी फेऱ्या, लांब पल्ला आणि घाटातलं गाव हे तीन गट असतील तर बारा हा आकडा तिघांत वाटून चालणार नाही. 'पाच युजर पुरे' हे निल्सन आणि लँडाउअर यांच्या १९९३च्या गणितातून आलं : एक युजर सरासरी ३१ टक्के दोष दाखवतो असं धरलं तर पाचांत सुमारे ८५ टक्के सापडतात. ते तयार इंटरफेसमधले दोष शोधण्यापुरतं आहे, माणसांचं काम समजून घेण्याला ते लावू नका. आणि आठ जणांपैकी सहा जण म्हणाले तर 'आठपैकी सहा' असंच लिहा. '७५ टक्के' लिहिलं की वाचणाऱ्याला शेकडो माणसं दिसायला लागतात.

शेवटी एक तक्ता, चार रकान्यांचा : डिझाइनमधला निर्णय, तो ज्या गटवाक्यावर उभा आहे ते, त्याखालच्या चिठ्ठ्यांचे पत्ते, आणि विरोधात जाणारी चिठ्ठी. ज्या निर्णयापुढे तिसरा रकाना रिकामा असेल तिथे 'डिझाइनरचा अंदाज' असं सरळ लिहा. अंदाज असायला काहीच हरकत नाही, फक्त तो अंदाज म्हणून दिसला पाहिजे.

हा तक्ता ज्युरीआधी डेपोत घेऊन जा. गटवाक्यं एका ए-फोर कागदावर, मराठीत, मोठ्या टायपात, ओळींमध्ये भरपूर जागा सोडून छापा, आणि ज्यांच्याशी बोललात त्यांच्या हातात कागद आणि पेन द्या. 'हे बरोबर आहे ना?' विचारू नका, 'यात काय चुकलंय?' विचारा. कुणी ओळ खोडली, कुणी 'डोक्यात' खोडून 'तळहातावर' लिहिलं, तर तो कागद तसाच तारीख घालून रिपोर्टला जोडा.